थंडीसाठी कोंबडी निवडताना मी आधी तुरा बघते

पहाटे खुराड्याचं दार उघडलं की माझा हात आधी अंड्यांकडे जात नाही. बॅटरीच्या उजेडात मी एकेकीचा तुरा बघते. लाल आहे ना, टोकं मऊ आहेत ना. मग पाणी, मग दाणा, आणि सगळ्यात शेवटी अंडी. ही सवय मला एका कोंबड्याने लावली.

सुरुवातीला आम्ही लेगहॉर्न जातीच्या पांढऱ्या कोंबड्या आणल्या होत्या. सहा माद्या आणि एक नर. निवडताना मी एकच गोष्ट बघितली होती, ती म्हणजे वर्षाची अंडी. त्या बाबतीत लेगहॉर्नला तोड नाही. चांगल्या रक्ताची मादी वर्षाला २८० च्या घरात अंडी घालते, अंगाने हलकी असते, दाणा मोजकाच खाते आणि सहसा खुडूक बसत नाही, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडत नाही. थंडीचा विचार मी केलाच नव्हता असं नाही. खुराडं मजबूत बांधलं होतं, फटी बुजवल्या होत्या, छपराखालचे झरोकेसुद्धा गोणपाट कोंबून बंद केले होते. गार वारा आत येता कामा नये, एवढंच डोक्यात होतं.

पहिल्याच हिवाळ्यात एका रात्री पारा उणे १८ वर गेला. सकाळी मुलगी माझ्या आधी खुराड्यात शिरली आणि आतूनच ओरडली, "आई, याच्या तुऱ्याला राख लागलीये बघ."

राख नव्हती. तो नर दांडीवर मान आखडून बसला होता. त्याचा तुरा जवळजवळ माझ्या तळव्याएवढा, पाच टोकांचा. पाचही टोकं करडी-पांढरी पडली होती. मी दोन बोटांच्या चिमटीत एक टोक धरलं तर ते ओल्या पुठ्ठ्यासारखं गार आणि ताठ लागलं. एरवी तुरा कानाच्या पाळीसारखा लवतो, कोमट असतो. दुपारपर्यंत टोकांखालचा भाग सुजला, दुसऱ्या दिवशी त्यावर पाण्याचे फोड आले, आठवड्याभरात टोकं काळी ठिक्कर पडली आणि काही आठवड्यांनी वाळून गळाली. चोचीखाली लोंबणारे लाल पाळेसुद्धा कडेने काळवंडले. त्या दिवसांत तो धड खात नव्हता आणि आरवायचंही त्याने सोडून दिलं होतं. मला ते बघवत नव्हतं, कारण त्याला तिथे आणून ठेवणारी मीच होते.

हे कोणावर ओढवलं तर सांगून ठेवते. गारठलेला तुरा चोळू नका, गरम पाण्याने शेकू नका, केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारू नका. पक्षी कमी थंड, कोरड्या जागी हलवा. काळा पडलेला भाग कापायचा नाही. त्याच्याखाली नवी त्वचा धरत असते आणि वरचा मेलेला भाग तिचं रक्षण करतो. वास येऊ लागला किंवा पू दिसला तर मात्र पशुवैद्याला दाखवा.

त्या हिवाळ्यानंतर मी जाती नव्याने बघायला लागले, आणि या वेळी अंड्यांच्या आकड्याच्या आधी तुऱ्यापासून.

कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला ती धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते, आणि तुऱ्यातून व पाळ्यांतून रक्त फिरवते. तिथे पिसं नाहीत, त्वचा पातळ आहे, रक्त भरपूर आहे. म्हणून उन्हाळ्यात मोठा तुरा तिला तारतो. हिवाळ्यात तोच उलटतो. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि ते टिकवायला शरीर कडेकडेच्या भागांचा रक्तपुरवठा आवळून घेतं. तुरा जितका उंच आणि पातळ, तितकं त्याचं टोक रक्तापासून लांब. लेगहॉर्नचे पूर्वज भूमध्य समुद्राकडचे. त्या हवेला तो तुरा शोभतो. आमच्या हवेत तो सोसणं अवघड.

करवतीच्या दात्यांसारखा जो तुरा आपल्या डोळ्यांसमोर येतो तो एकेरी तुरा. त्याशिवाय गुलाब तुरा असतो, डोक्याला चिकटलेला, रुंद, वर बारीक दाणे असलेला, मागे निमुळता. वाटाणा तुरा म्हणजे तीन ठेंगण्या ओळी, मधली जराशी उंच. आणि उशी तुरा तर नावाप्रमाणेच, छोटीशी गुळगुळीत गादी. या तुऱ्यांचा विज्ञानाच्या इतिहासातही मान आहे. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे १९०२ मध्ये इंग्रज जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी दाखवलं ते कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून. गुलाब आणि वाटाणा हे दोन्ही गुण एका पिल्लात एकत्र आले की तिसराच, अक्रोडाच्या कवचासारखा तुरा निघतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही वायनडॉट आणल्या. रुपेरी पिसांना काळी किनार असलेल्या. अमेरिकेतली जुनी जात, १८८३ मध्ये तिथल्या अधिकृत जातींच्या यादीत आलेली. मादी साधारण तीन किलोची, लेगहॉर्नपेक्षा किलोभर जास्त. अंगाचा घेर मोठा असला की वजनाच्या मानाने उघडं पृष्ठ कमी राहतं आणि उष्णता धरून राहते. वर पिसं इतकी दाट, की बोटं आत घातली तर खालचा मऊ पिंजलेला थर संपता संपत नाही. आणि गुलाब तुरा. अंडी वर्षाला २०० च्या आसपास, फिकट तपकिरी. म्हणजे लेगहॉर्नपेक्षा ७०-८० अंडी कमी. मी तो हिशेब मान्य केला.

आमच्या नऊ वायनडॉट पिल्लांत एक चक्क एकेरी तुऱ्याचं निघालं. पहिल्यांदा मला वाटलं, पिल्लं देणाऱ्याने मिसळ केली. पण तसं नव्हतं. गुलाब तुऱ्याचा गुण आई आणि बाप दोघांकडूनही आलेल्या नरांची प्रजननक्षमता कमी असते, त्यांचं वीर्य लवकर मंदावतं. त्यामुळे ज्या नरांत एकेरी तुऱ्याचा गुण दडलेला असतो त्यांचीच पिल्लं जास्त निघतात, आणि तो गुण कळपातून कधीच पुरता जात नाही. अधूनमधून असं एखादं पिल्लू येतंच. ती मादी आजही आमच्याकडे आहे. इतर आठ जणींपेक्षा तिच्याकडेच माझं लक्ष जास्त असतं.

थंडीसाठी सगळ्यात विचारपूर्वक घडवलेली जात कोणती असं मला विचाराल तर मी शाँतक्लेरचं नाव घेईन. कॅनडात क्वेबेकमधल्या ओका इथल्या मठात ब्रदर विल्फ्रेड शातलँ नावाचे संन्यासी कोंबड्या सांभाळायचे. कॅनडातल्या कोंबड्या सगळ्या बाहेरून आलेल्या जातींच्या, त्यातल्या बऱ्याच जणींचे तुरे त्या हिवाळ्याला न पेलणारे. म्हणून त्यांनी पाच जातींचं रक्त मिसळायला घेतलं. गडद कॉर्निश, पांढरी लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, पांढरी वायनडॉट आणि पांढरी प्लिमथ रॉक. १९१८ मध्ये त्यांनी ही जात लोकांपुढे आणली आणि १९२१ मध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली. शाँतक्लेरचा तुरा म्हणजे डोक्यावर ठेवलेला एवढासा लाल ठिपका, पाळे जवळजवळ नाहीतच. थंडीने धरावं असं काही उघडं ठेवलंच नाही. आणि तरीही ती वर्षाला २०० च्या आसपास अंडी देते आणि अंगानेही भरलेली असते. वर्षानुवर्षं पिढ्यांमागून पिढ्या बघत बसलेल्या त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. माझ्याकडे आज दोन शाँतक्लेर आहेत. जरा बुजऱ्या आहेत, हातात यायला वेळ घेतात.

वाटाणा तुऱ्याच्या जातींत बकआय आहे. ती अमेरिकेत ओहायोतल्या नेटी मेटकाफ या बाईंनी तयार केली, म्हणून माझ्या मनात तिला वेगळी जागा आहे. ब्रह्माचाही वाटाणा तुराच. मादी चार किलोच्या वर, स्वभावाने शांत, थंडीत अंड्यांना खंड न पाडणारी, जरी वर्षाचा आकडा दीडशेच्या आसपासच राहतो. पण ब्रह्माच्या पायांवर पिसं असतात. कोरड्या बर्फात चालून जातं. चिखलात किंवा ओल्या बर्फात त्या पिसांना गोळे लागतात, ते गोठतात, आणि बोटं त्या गोळ्यात अडकून राहतात. ज्यांचं अंगण हिवाळ्यात चिखलाचं होतं त्यांनी मोहात पडू नये. मी पडले होते. रोज संध्याकाळी कोमट पाण्याचं भांडं आणि फडकं घेऊन पाय धुवून कोरडे करायची पाळी आली.

एकेरी तुऱ्याच्या जाती सगळ्याच बाद नाहीत. प्लिमथ रॉकच्या मादीचा तुरा बेताचा असतो, अंग जड असतं, आणि अंडी वायनडॉटपेक्षा थोडी जास्तच. ऱ्होड आयलंड रेड काटक आहे, आणि तिच्यात गुलाब तुऱ्याचा प्रकारही मिळतो. मिळाला तर तोच घ्या. ऑस्ट्रालॉर्पची गोष्ट वेगळी. ही ऑस्ट्रेलियात काळ्या ऑर्पिंग्टनपासून निवडत निवडत केलेली अंड्यांची जात. १९२२-२३ मध्ये तिथल्या एका स्पर्धेत सहा माद्यांनी मिळून ३६५ दिवसांत १,८५७ अंडी घातली, म्हणजे एकीला ३०९ च्या वर. आजच्या घरगुती कळपात वर्षाला अडीचशे धरायला हरकत नाही. हिवाळ्याच्या उन्हात तिची काळी पिसं हिरवट चमकतात. तुरा एकेरी असल्यामुळे कडाक्याच्या रात्री लक्ष ठेवावं लागतं, माद्यांपेक्षा नरांवर जास्त. ऑर्पिंग्टन दिसायला पिसांचा ढीग आणि स्वभावाने लोण्यासारखी, पण खुडूक फार बसते. खुडूक बसली की २१ दिवस अंड्यांवर, मग पिल्लांमागे काही आठवडे, तेवढा काळ अंडी बंद. पिल्लं हवी असतील तर हीच कोंबडी. अंडीच हवी असतील तर एखादीच ठेवा.

सिल्की, कुरळ्या पिसांच्या आणि उघड्या मानेच्या कोंबड्या मात्र कडक हिवाळ्यात आणू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. सिल्कीचं पीस एकमेकांत अडकत नाही, त्यामुळे पाणी आत मुरतं. भिजलेली सिल्की थरथरताना एकदा बघितली की पुन्हा आणावीशी वाटत नाही.

जात निवडली की हिवाळ्यात अंडी मिळतील असं मात्र समजू नका. अंडी थांबतात ती मुख्यतः दिवस लहान होतो म्हणून. कोंबडीच्या शरीराला अंड्याची सूचना प्रकाशातून मिळते, आणि पुरत्या जोमाने अंडी घालत राहायला तिला रोज १४ ते १६ तास उजेड लागतो. भर हिवाळ्यात आमच्याकडे नऊ तासही धड मिळत नाहीत. त्याच्या आधी पिसं झडायचा काळ येतो. पिसाचा ८५ टक्के भाग प्रथिनांचा, त्यामुळे नवी पिसं उगवताना शरीर सगळी प्रथिनं तिकडे वळवतं आणि अंडी बंद होतात. या दिवसांत मी अंड्यांच्या खाद्यापेक्षा जास्त प्रथिनांचं खाद्य देते. नव्या पिसाच्या देठात रक्त असतं, ते दुखरं असतं. एरवी मांडीवर येऊन बसणारी कोंबडीही हात लावू देत नाही.

म्हणून हिवाळ्यातल्या अंड्यांसाठी माझा भरवसा जातीइतकाच वयावर आहे. वसंतात निघालेली पिल्लं थंडीच्या तोंडाशी तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या होतात. पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की अंड्यावर येतात, आणि पहिल्या वर्षी सहसा पिसं न झाडता पूर्ण हिवाळा कमीअधिक अंडी घालत राहतात. जड जाती थोड्या उशिरा अंड्यावर येतात. ब्रह्मा तर सात महिनेही घेते, म्हणून तिची पिल्लं वसंताच्या सुरुवातीलाच काढलेली बरी. आम्ही दरवर्षी चार-पाच नव्या तलंगा वाढवतो. हिवाळ्यात घर चालतं ते त्यांच्या अंड्यांवर, आणि जुन्या जणी विश्रांती घेतात. त्यांच्यासाठी दिवा लावायचा की नाही यावर बरीच माणसं वाद घालतात. मी लावत नाही. वर्षभर अंडी दिलेल्या कोंबडीला दोन महिने मोकळे मिळावेत असं मला वाटतं. ज्यांना लावायचा असेल त्यांनी पहाटे लावावा, संध्याकाळी नाही. संध्याकाळी दिवा एकदम विझला की त्या अंधारात दांडी शोधत धडपडतात.

आता त्या पहिल्या हिवाळ्याबद्दल जे मला बऱ्याच उशिरा कळलं ते. त्या सकाळी खुराड्याच्या खिडकीवर आतल्या बाजूने बर्फाची फुलं उमटली होती. छताच्या खिळ्यांच्या टोकांवर दव गोठलेलं होतं. मी ते बघितलं होतं, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता. सात पक्ष्यांचा श्वास, त्यांची ओली विष्ठा, आत ठेवलेलं पाण्याचं भांडं, या सगळ्याची वाफ बाहेर जायला मी जागाच ठेवली नव्हती. ओल्या हवेत तुऱ्यावर दमटपणा बसतो आणि तोच आधी गोठतो. कोरड्या हवेत तोच पक्षी त्याहून जास्त थंडी सोसतो. गोणपाट कोंबून मी त्यांचं रक्षण करते आहे असं मला वाटत होतं. त्या नराच्या तुऱ्याची टोकं गेली त्यात त्याच्या जातीचा वाटा होताच, पण माझ्या गोणपाटाचा जास्त होता.

आता झरोके हिवाळाभर उघडे असतात. ते दांडीपेक्षा बरेच वर, छपराला लागून आहेत, म्हणजे दमट हवा वरून निघून जाते आणि बसलेल्या कोंबड्यांच्या अंगावर झोत येत नाही. पाणी रात्री बाहेर काढते. खाली भुश्याचा जाड थर, तो रोज उलटायचा, नाकाला अमोनिया जाणवला की लगेच बदलायचा. दांडी म्हणून गोल काठी नाही, रुंद सपाट फळी लावली आहे. कोंबडी त्यावर बसली की पोटाची पिसं बोटांवर पसरतात आणि एकही बोट उघडं राहत नाही. उष्णतेचा दिवा आम्ही लावत नाही. कोरडा भुसा, धूळ, पिसं आणि वर तापलेला दिवा, आग लागायला आणखी काय लागतं? शिवाय वीज गेली तर उबेची सवय लागलेल्या कोंबड्या एकदम उघड्या पडतात. दाट पिसांची निरोगी कोंबडी कोरड्या, निवाऱ्याच्या जागी बरीच थंडी सहज काढते. तिला खायला जास्त लागतं एवढंच. म्हणून संध्याकाळी झोपायच्या आधी मी मूठ मूठ भरडलेला मका टाकते. गळ्याखालची पिशवी भरून झोपली की रात्रभर पचनाची ऊब मिळते.

लेगहॉर्नचं काय झालं, हे वाचणारा विचारेलच. त्यातल्या दोन माद्या अजून आहेत, वयस्कर झाल्यात. मादीचा एकेरी तुरा एका बाजूला कलतो, त्यामुळे नराइतका उघड्यावर येत नाही. झरोके उघडल्यापासून त्यांच्या तुऱ्याला एकदाही काही झालं नाही. नवा कळप मात्र मी लेगहॉर्नचा करणार नाही. पुढच्या वसंतात शाँतक्लेरचा एक नर आणायचा आहे आणि वायनडॉटच्या अंड्यांवर ऑर्पिंग्टन रवणीला बसवायची आहे.

आज पहाटे उणे १४ होतं. एकेरी तुऱ्याची ती वायनडॉट फळीवर मधोमध बसली होती, दोन्ही बाजूंनी शाँतक्लेर तिला चिकटून, डोकं पंखात खुपसलेलं. मुलीने हळूच तिचं डोकं वर केलं, तुऱ्याचं एकेक टोक चिमटीत धरून बघितलं आणि मान हलवली. लाल होता, कोमट होता. खालच्या घरट्यात चार अंडी होती. एक थंडीने तडकलं होतं, दोन अजून उबदार होती. ती तिने हातमोजे काढून तळहातावर घेतली आणि घरापर्यंत तशीच आणली.